दोरा, वारा आणि सान फ्रान्सिस्को

पुण्यातले काका-काकू मुलाकडे सान फ्रान्सिस्कोला निघाले की सोसायटीत पहिला प्रश्न ठरलेला: "किती तास लागतात हो?"

काकूंचं उत्तर तयार असतं. "दिल्लीपासून पंधरा-सोळा." काकांना असं उरकलेलं उत्तर पटत नाही. निवृत्त इंजिनिअर माणूस. ते मुलाच्या शाळेतला पृथ्वीगोल माळ्यावरून काढतात, शिवणाच्या डब्यातला दोरा घेतात आणि दिल्ली आणि सान फ्रान्सिस्कोवर बोटं ठेवून ताणतात. दोरा उत्तर ध्रुवाला चाटून जातो. "बारा हजार चारशे किलोमीटर!" तोवर विचारणारा लिफ्टमध्ये शिरलेला असतो.

पण विमान दोऱ्याचं ऐकेलच असं नाही. 2016च्या ऑक्टोबरपर्यंत एअर इंडियाचं दिल्ली–सान फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून जायचं, सुमारे 13,900 किलोमीटर. मग कंपनीने तोंड फिरवलं आणि पॅसिफिक गाठला. अंतर वाढून 15,300 झालं, वेळ मात्र जवळजवळ दोन तासांनी घटून साडेचौदा तासांवर आला. म्हणजे सरासरी ताशी हजार किलोमीटरच्या वर! हा पराक्रम एकट्या इंजिनाचा नव्हे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट वारे सुसाट धावतात. पश्चिमेला निघालं की तेच छातीवर बसतात, पूर्वेला निघालं की पाठीला हात लावून फुकट ढकलतात. चौदाशे किलोमीटर जास्त उडूनही इंधन वाचतं. हे सदाशिव पेठेत पटवणं कठीण. लांबून नेणाऱ्या रिक्षावाल्याने उद्या वाऱ्याचं कारण दिलं तर काय घ्या!

घड्याळाची तर वेगळीच तऱ्हा. ऑक्टोबरात कॅलिफोर्निया आपल्या साडेबारा तास मागे. दिल्लीहून पहाटे चारला सुटून साडेचौदा तास उडालेला माणूस त्याच तारखेला पहाटे सहाला उतरतो. कागदावर प्रवास दोन तासांचा, आणि तेवढ्यात दोन जेवणं, तीन सिनेमे आणि सुजलेले पाय. येताना हा सगळा हिशेब व्याजासकट चुकता होतो.

त्या वेळी परतीचं विमान अटलांटिकवरून यायचं, म्हणजे पुन्हा पूर्वेलाच. जाऊन-येऊन पृथ्वीला अख्खी फेरी! गणपतीने आईवडिलांभोवती फिरून पृथ्वीप्रदक्षिणेचं पुण्य पदरात पाडून घेतलं होतं. इथे आईवडीलच भाजणीचा डबा सांभाळत लेकासाठी पृथ्वीला वळसा घालतात, आणि पुण्य जमा होतं ते विमान कंपनीच्या मैलांत.

काकांच्या दोऱ्यालाही न्याय मिळाला. जानेवारी 2021मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सान फ्रान्सिस्को–बंगळूरू विमान उत्तर ध्रुवावरून आणलं. ही वाट सोपी नाही. बाहेरच्या थंडीत इंधन गोठणार नाही ना, यावर डोळा ठेवावा लागतो (नेहमीचं विमान-इंधन उणे 47 अंशांच्या आसपास गोठू लागतं), आणि अडचणीत उतरायला विमानतळही मोजकेच.

काकांनी ही बातमी मोठ्याने वाचून दाखवली. काकूंनी स्वेटर मोठ्या बॅगेतून काढून हातातल्या बॅगेत टाकला.

"अगं, विमानात बावीस-तेवीस अंश असतात."

"असू देत," म्हणत काकूंनी काकांची कानटोपीही कोंबली.