रा. रा. शेजवान सॉस यांस अनावृत पत्र

सकलगुणालंकृत, रक्तवर्णविभूषित, काचकूपीनिवासी राजमान्य राजेश्री शेजवान सॉस यांसी, मालवण बंदरातील एका गृहस्थाचा कृतानेक नमस्कार, विनंती विशेष.

आपला अंमल सांप्रत या मुलखात किती दूरवर बसला आहे हे संध्याकाळी भरड नाक्यापासून धक्क्यापर्यंत चालत गेले म्हणजे ध्यानात येते. कुडाळच्या स्टेशनाबाहेर आपण आहात, कणकवलीच्या हमरस्त्यावर आपण आहात, हळदीच्या मांडवात आपण आहात. आणि जत्रेत खाज्यांच्या राशीशेजारी, पेट्रोमॅक्सची जागा घेतलेल्या त्या पांढऱ्याफेक दिव्याखाली, लोखंडी कढईवर कालथ्याचा ठणठणाट करीत आपलाच चौघडा झडत असतो. आमच्या सिंधुदुर्गाला रत्नागिरीपासून निराळा जिल्हा व्हावयास १ मे १९८१ हा दिवस उजाडावा लागला, त्यासाठी कागद रंगले, हद्दी ठरल्या, कचेऱ्या उभ्या राहिल्या. आपली मामलत मात्र कोणत्याही सनदेवाचून, कोणत्याही दाखल्यावाचून, केवळ एका मोठ्या चमच्याच्या जोरावर कायम झाली, याबद्दल आपल्या कर्तबगारीची तारीफ करावी तेवढी थोडीच आहे.

आपण परके आहात अशी आमची फिर्याद नाही, हे आरंभीच नमूद करतो. ज्या मिरचीवर आमच्या मालवणी मसाल्याची सारी प्रतिष्ठा उभी आहे ती मिरची स्वतः पोर्तुगिजांच्या गलबतांतून आली, आणि आज तिला कोणी उपरी म्हटले तर आमच्या घरातील वडीलधारी मंडळी त्याला जेवल्यावाचून घालवून देतील. तेव्हा बाहेरून येणे हा गुन्हा नव्हे. आमचे म्हणणे एवढेच की, आलेल्या माणसाने आपली कुळकथा खरी सांगावी.

आपण सांगता की आपले मूळ घराणे चीन देशाच्या पश्चिमेकडील सेचवान प्रांतातले. हा दावा आम्ही आदरपूर्वक तपासला. समुद्रापासून फार आत, डोंगरांनी वेढलेल्या त्या प्रांताच्या स्वयंपाकाची ओळख नुसत्या तिखटाने होत नाही. जिभेला मुंग्या आणणारे, ओठ बधिर करणारे एक लहानसे फळ तेथे मिरचीच्या बरोबरीने पडते, त्यातील काळे बी टाकून देतात आणि वरची खरबरीत साल तेवढी वापरतात. हे वर्णन वाचून कोणत्याही मालवणी गृहिणीचा हात आपसूक तिरफळांच्या डब्याकडे जाईल, आणि तो योग्यच डब्याकडे जाईल. कारण ते फळ आणि आमचे तिरफळ ही वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी एकाच कुळातील भावंडे म्हणून नोंदलेली आहेत. आमच्या रानातील काटेरी झाडावरचे हे तिरफळ बांगड्याच्या आणि तारल्यांच्या कढीत पिढ्यान्‌पिढ्या पडत आले आहे. आणि आपण, जे त्या घराण्याचे वंशज म्हणवता, त्या आपल्या बाटलीवरील यादी भिंगातून वाचली तरी त्यात सुकी मिरची आहे, लसूण आहे, आले आहे, व्हिनेगर आहे. तिरफळाच्या त्या भावंडाचा मात्र मागमूस नाही. म्हणजे घराण्याची निशाणी आमच्या फडताळात, आणि घराण्याचे नाव आपल्या लेबलावर! आपली खरी भाऊबंदकी मुंबईच्या मंचुरियनशी आहे, ज्याचा जन्म १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या मुदपाकखान्यात, कलकत्त्याहून आलेल्या नेल्सन वँग या बल्लवाच्या हातून झाला असे सांगतात. ते घराणेही काही हलके नव्हे. पण त्याच्या नावाने यावे, दुसऱ्याच्या नव्हे.

वस्तुतः मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या चिनी माणसांचा मोठा भाग आपल्या डोंगरी सेचवानचा नव्हे, दक्षिण किनाऱ्यावरील कँटनकडचा. माझगावातील नवाब टँक रस्त्यावर १९१९ साली उभारलेले त्यांचे छोटेसे देऊळ अद्याप जागेवर आहे. ज्या गोदीत आमच्या मालवण-वेंगुर्ल्याचे खलाशी चाकरीला होते, त्याच गोदीच्या आसऱ्याने ही कँटनकडची दर्यावर्दी मंडळी राहिली. कँटन हाही आमच्यासारखाच भाताचा आणि मासळीचा, दमट हवेचा, गलबतांच्या वाटेवरचा मुलूख. गोव्याहून सुटलेली पोर्तुगीज जहाजे सोळाव्या शतकातच त्याच्या उंबऱ्यावरच्या मकावपर्यंत जात असत. अशा दोन किनाऱ्यांची ओळख व्हावयाची तर ती मासळीवरून, नारळावरून, निदान वाऱ्यावरून व्हावी. ती आपल्या मध्यस्थीने आणि आपल्या रंगात बुडून व्हावी, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

आता कँटनच्या पद्धतीने नूडल्स घरी कशा परताव्यात हे आपल्या माहितीसाठी मुद्दाम तपशीलवार लिहितो, कारण त्या सर्व कारभारात आपल्यासाठी एकही आसामी रिकामी नाही.

त्या नूडल्स मुळात गव्हाच्या पिठात अंडे आणि आपल्या पापडखाराच्या जातीचा क्षार घालून केलेल्या, बारीक आणि ताठ असतात. मालवणच्या बाजारात पाकिटातल्या मैद्याच्या नूडल्सवर भागवावे लागते, आणि ते भागते. पाकिटावर जेवढी मिनिटे छापली असतील त्याच्या एक मिनिट आधीच त्या उतरवाव्यात, रोवळीत ओतून गार पाण्याखाली धराव्यात, तेलाचा हात लावावा, आणि मग, ज्या ठिकाणी सर्व उतावीळ मंडळी घात करून घेतात त्या ठिकाणी, त्या स्वच्छ पंचावर मोकळ्या पसरून अर्धा तास पंख्याखाली सुकू द्याव्यात. आषाढात, जेव्हा आमच्याकडे बरणीतले मीठसुद्धा पाझरते, तेव्हा तासभर. हाताला ओलसर लागल्या तर पुढे जाऊ नये. तेवढ्या वेळात दोघांच्या बेतासाठी एका वाटीत दोन चमचे फिका सोया, अर्धा चमचा गडद सोया, एक चमचा पाणी आणि चिमूटभर साखर कालवून ठेवावी. कांद्याच्या पातीचे पांढरे निराळे आणि हिरवे निराळे चिरावे. काळोखात वजनाखाली वाढवलेले मुगाचे लांब पांढरे मोड मिळाले तर उत्तम, नाहीतर उसळीसाठी काढलेले आपले आखूड मोडही चालतील. सुंगटे घालावयाची असतील तर ती आधी दोन मिनिटे परतून बाजूला काढावीत, कारण सुंगटाला दुसऱ्याची वाट पाहत कढईत बसणे मानवत नाही.

मग लोखंडी कढई धूर दिसेपर्यंत तापवावी, तेल फिरवावे, पातीचे पांढरे टाकावे आणि त्यावर नूडल्स पसरून हात मागे घ्यावा. ढवळण्याचा मोह येतो, तो आवरावा. मिनिटभर त्यांना तळाशी निवांत पडू दिले की त्यांवर ठिकठिकाणी तपकिरी ठिपके उमटतात, आणि जो रंग आपण बाटलीतून पुरवता तो अग्नी आपल्या हाताने फुकट देतो. उलटून दुसरी बाजूही तशीच होऊ द्यावी, मोड टाकावेत, वाटीतला रस नूडल्सवर न ओतता कढईच्या तापल्या कडेवरून सोडावा म्हणजे तो चुरचुरत खाली उतरतो, सुंगटे परत घालावीत, दोन-चार वेळा उचलून खालीवर करावे, वरून हिरवी पात आणि तिळाच्या तेलाचे चार थेंब, की झाले. बशीत रस्सा साचता कामा नये. एका वेळी दोघांपुरतेच करावे हा नियम कंजूषपणाचा नव्हे; घरच्या शेगडीला गाडीवरच्या भट्टीचा जोर नसतो, सहा जणांचा ढीग एकदम लोटला की कढई थंड पडते, पाणी सुटते, आणि परतणे राहून उकडणे सुरू होते.

आणि येथेच, महाराज, आपल्या भरभराटीचे रहस्य आहे. नूडल्स ओल्या राहिल्या, कढई थंड पडली, भाज्यांना पाणी सुटले, की त्या लगद्यावर आपल्याला पाचारण करण्यात येते, आणि आपण सर्व अपराधांवर एकाच तांबड्या शाईने सफाईचा शेरा मारता. इतके कनवाळू खाते दुसऱ्या कोणत्या सरकारात नसेल!

हा तंतूंचा व्यवहार आमच्या स्वयंपाकघराला नवा आहे अशी आपली समजूत असल्यास तीही दूर करतो. तांदळाच्या पिठाचे मुटके उकळून, ते गरम असतानाच लाकडी साच्यात घालून, एकीने साचा धरावा आणि दुसरीने अंगाचा भार टाकून दाबावे, अशा रीतीने आमच्याकडे शिरवाळ्या पाडतात आणि गुळाने गोड केलेल्या नारळाच्या रसाबरोबर खातात. मुटका थंड झाला तर साच्यातून उतरत नाही, पाणी जास्त झाले तर तंतू तुटतात. म्हणजे उष्णता आणि ओलावा यांचा जो हिशेब कँटनचा आचारी कढईत मांडतो तोच आमची आजी साच्यावर मांडीत आली. नूडल्सचा दाबलेला थर बिडाच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस करण्याचा जो दुसरा कँटनी प्रकार आहे, तो तर घावणे उलटण्याचा सराव असलेल्या हाताला एका खेपेत साधतो. अशा घरात आपल्यावाचून काही अडत नाही, हे आपल्याला कोणीतरी सांगणे भाग होते.

सबब विनंती की, गाड्यांवरचा आपला अंमल बेलाशक चालू ठेवावा; रात्री अकरा वाजता दशावतारातून उठून आलेल्या भुकेल्या पोराला आपण जो दिलासा देता तो आम्ही हिरावून घेऊ इच्छीत नाही. भजी, वडे, समोसे यांचीही वहिवाट आपल्याकडे खुशाल राहो. परंतु ज्या घरी पंचावर नूडल्स वाळत पडल्या आहेत आणि कढईतून धूर निघतो आहे, त्या घराच्या उंबऱ्याआत आपण पाऊल टाकू नये. पुढेमागे आपल्या कारखानदारांनी बाटलीत मूठभर तिरफळे घातली, तर तसा अर्ज रुजू करावा. आम्ही तो वाचून पाहू. बहुत काय लिहिणे, लोभ असावा.