लेन्स लांब आहे, भाऊ

कॅमेऱ्याकडे अजून आदराने पाहणारा माणूस आता खेळाच्या मैदानाच्या फाटकावरच भेटतो. बाकी जगाने कॅमेऱ्याला कधीच निवृत्त केलं. लग्नमंडपातसुद्धा वऱ्हाडी मंडळी भाड्याच्या छायाचित्रकाराला कोपराने बाजूला सारून आपापले मोबाईल उंचावतात. फाटकावरच्या गणवेशातल्या माणसाला मात्र काळं भिंग दिसलं, की त्याची पाठ ताठ होते. भाचीचा खो-खोचा सामना पाहायला शहरातल्या एका क्रीडा संकुलात गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. ‘हे आत नाही नेता येत, भाऊ.’ का बा, म्हणून विचारलं, तर म्हणाला, ‘प्रोफेशनल आहे.’ या शब्दाने उभ्या आयुष्यात मला कोणी गौरवलं नव्हतं. माझे फोटो पाहिलेल्यांनी तर नाहीच नाही. त्याने भिंगाला वीत लावून दाखवली. ‘लेन्स लांब आहे ना!’ मोबाईलचं काय, तर ‘मोबाईल न्या ना बिनधास्त, त्याले कोन अडवते?’ माझ्या खिशातला मोबाईल पलीकडच्या खांबावरच्या मुंगीच्या मिशा टिपू शकतो, हे त्याला सांगावंसं वाटलं. पण विशारदपण वितीने मोजणाऱ्या माणसाच्या जगात एक प्रकारची सुबकता असते. ती मोडवेना.

पूर्वी फाटकं इतकी चिकित्सक नव्हती. 31 ऑक्टोबर 1987 ला विश्वचषकाच्या सामन्यासाठी नागपुरातल्या आमच्या जरीपटक्यातून सायकलींचा तांडा कडबी चौक ओलांडून सदरमार्गे सिव्हिल लाइन्सच्या व्हीसीए मैदानाकडे निघाला, तेव्हा त्यातल्या एकाच्या गळ्यात आग्फाचा ‘क्लिक थ्री’ लोंबत होता. एका रिळात बारा फोटो. त्या दिवशी चेतन शर्माने न्यूझीलंडच्या तिघांचे ओळीने त्रिफळे उडवले. ती विश्वचषकातली पहिली हॅट्ट्रिक. मग अंगात ताप असलेल्या गावसकरने 88 चेंडूंत नाबाद 103 केल्या. एकदिवसीय सामन्यांतलं त्याचं हे एकुलतं एक शतक. रीळ धुऊन आलं, तेव्हा बाराही फोटोंत विस्तीर्ण करडं मैदान होतं आणि मधोमध तांदळाचा एक दाणा. तो दाणा म्हणजे गावसकर, यावर गल्लीचं एकमत होतं. कोणता दाणा, यावर नव्हतं. ज्यांच्याजवळ कॅमेरा नव्हता, त्यांना मात्र गावसकरच्या कपाळावरचा घाम आजही दिसतो.

फोटोवाचून जास्त दिसणं मला नवीन नव्हतं. जरीपटका वसला तोच फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांमुळे. येताना माणसांनी जीव आणला, किल्ल्या आणल्या. फोटो आणायचं सुचायला सवड कुणाला होती? शेजारच्या आजी सख्खरच्या घराचं वर्णन हातांनी करायच्या. दर दिवाळीला त्या घराला एक खिडकी वाढायची. माझ्या बालपणाच्या अखेरीस त्या घरातून सिंधू नदी चारही दिशांनी दिसू लागली होती. त्या घराचा फोटो निघाला असता, तर बिचारं दोन खोल्यांतच राहिलं असतं.

फाटकावर अडवणारे नेहमी गणवेशातच असतात असं नाही. 2012 साली इंग्लंडचा संघ आला, तेव्हा खुद्द क्रिकेट मंडळानेच गेट्टीसारख्या छायाचित्र संस्थांना मैदानाचं दार बंद केलं. या बातम्या देणाऱ्या नव्हेत, फोटो विकणाऱ्या संस्था आहेत, असं मंडळाचं म्हणणं. म्हणजे पुन्हा तेच: लेन्स लांब आहे. निषेध म्हणून रॉयटर्स, एपी, एएफपी यांनीही मालिकेचे फोटो पाठवणं थांबवलं. मालिकेचा शेवटचा कसोटी सामना डिसेंबरात आपल्या जामठ्याच्या मैदानावर होता. कोहलीने 103 केल्या. धोनी 99 वर असताना एक धाव चोरायला निघाला आणि कुकच्या थेट फेकीवर धावबाद झाला. सामना अनिर्णित राहिला. इंग्लंडने मालिका 2-1 अशी जिंकली, भारतात अठ्ठावीस वर्षांनी. वृत्तपत्रांच्या स्वतःच्या छायाचित्रकारांना बंदी नव्हती, त्यामुळे फोटो अगदीच निघाले नाहीत असं नाही. पण आमच्या चौकातल्या चहाच्या टपरीला त्यांची गरज कधी पडली नाही. कुक मिड-ऑफला उभा होता. टपरीवर तो दरवर्षी थोडा मागे सरकतो. हल्ली त्याची फेक सीमारेषेजवळून येते. मंडळाचा निर्णय मला तेव्हाही हटवादी वाटला, आजही वाटतो. टपरीचं मात्र त्याने भलं केलं.

मोठ्या सामन्यात सीमारेषेबाहेर ओळीने सुरक्षारक्षक उभे असतात. त्यांची तोंडं प्रेक्षकांकडे, पाठ खेळाकडे. षटकार गेला की चाळीस हजार माणसं उठतात आणि या माणसाला त्यांच्या चेहऱ्यांवरून चेंडू किती उंच गेला याचा अंदाज बांधावा लागतो. दिवसभर मैदानात राहून सामना न पाहण्याचा पगार त्याला मिळतो. त्याच्या घरी पोरगं विचारत असेल, काय झालं, सांगा ना. तो काय सांगत असेल कोण जाणे. बहुधा आपल्यापेक्षा चांगलं सांगत असेल.

तेव्हा इंदोरा चौकातून मेट्रो धरून खापरीला उतराल आणि पुढे जामठ्याला जाल, तेव्हा मोठा कॅमेरा घरीच ठेवा. नाणी, पॉवर बँकही ठेवा. उगाच फाटकावर वाद नको. मोबाईल तेवढा न्या. आणि सामना संपल्यावर त्या पाठमोऱ्या माणसाला मैदानाकडे तोंड करून उभं करा नि त्याचा एक फोटो काढा. आधी विचारा मात्र. परवानगी देणारा तोच आहे.