माझा दंतोपदेश

गावच्या शाळेत जाऊन मुलांना काहीतरी शिकवून यावं, ही इच्छा माणसाला साधारण पेन्शन सुरू झाल्यावर होते. त्याआधी होत नाही. कारण तोवर घरात स्वतःची मुलं असतात आणि आपण शिकवलेलं कुणी शिकत नाही हे रोज दिसत असतं. मलाही ती इच्छा झाली. ज्या माणसाचे वरचे पुढचे चार दात रात्री वाटीतल्या पाण्यात झोपतात, त्यानं खरं म्हणजे बचत, वृक्षारोपण, वाचनसंस्कृती असं काहीतरी निवडायला हवं होतं. मी दात निवडले.

निवडले म्हणजे, गळ्यात पडले. माझी भाची दातांची डॉक्टर आहे. २० मार्चला जागतिक मौखिक आरोग्य दिन असतो, त्या सुमारास ती आमच्या कृष्णाकाठच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन मुलांचे दात बघते, त्यांच्याशी बोलते. त्या वर्षी तिला जमेना. “मामा, तू जाशील का? सोपं आहे, मी सगळं लिहून देते,” असं म्हणून तिनं चार पानं लिहून दिली आणि माझ्याकडून ती मोठ्यानं वाचूनही घेतली. सोबत प्लॅस्टिकचा एक दांडगा जबडा, हातभर लांबीचा ब्रश आणि लाल गोळ्यांची डबी दिली. “ही गोळी चावली की दातांवर जिथं कीटण राहिलंय तिथं रंग बसतो. एरिथ्रोसिन असतं त्यात, खाण्याचाच रंग आहे. पण दोन-तीन मुलांनाच दे, तेही घरच्यांना विचारून. आधी ओठांना व्हॅसलीन लाव, आणि लगेच ब्रश करायला लाव. आणि मामा, तू मात्र चावू नकोस.”

हे शेवटचं वाक्य मला जरा लागलं.

एसटीत तो जबडा पिशवीत मावेना, म्हणून मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या आजी तर्जनीनं मशेरी लावत होत्या. त्यांनी बोट न थांबवता जबड्याकडं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “केवढ्याला घेतली?” मी म्हटलं, ही कवळी नाही, शाळेत दाखवायचं मॉडेल आहे. आजींनी माझ्या तोंडाचा अंदाज घेतला आणि म्हणाल्या, “न्हाईतर मोठीच हुती तुमास्नी.”

परिपाठ संपल्यावर हेडमास्तरांनी माझी ओळख ‘पुण्याहून आलेले दंततज्ज्ञ’ अशी करून दिली. खुलासा करावा असं वाटलं, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. टाळ्या वाजत असताना माणूस खुलासे करत नाही.

भाषण उत्तम चाललं होतं. उत्तम म्हणजे, मुलांना सगळं आधीच येत होतं. दात दिवसातून किती वेळा घासायचे? “दोन वेळा!” कधी कधी? “सकाळी आणि रात्री झोपताना!” रात्रीच का, तेवढं मात्र येत नव्हतं. ते मी ऐटीत सांगितलं. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे दातांत अडकलेल्या गोडावर जंतूंना रात्रभर कुणी अडवणारं नसतं. मग विचारलं, रात्री कोण कोण घासतं? सगळे हात वर. एक मुलगी उठून म्हणाली, “सर, ह्यो खोटं बोलतोय. ह्यांच्यात तिघांत मिळून एकच बरश हाय.” त्यावर तो मुलगा म्हणाला, “पण माझा नंबर पयला असतोय.”

तसं कृष्णाकाठी दात घासण्याचा कंटाळा कुणालाच नाही. उलट तो अर्ध्या तासाचा कार्यक्रम असतो. तोंडात ब्रश धरून माणूस घरातून निघतो, पारावर बसतो, दुकानात जाऊन दूध घेतो, फेसातूनच भावकीच्या वादावर मत देतो आणि घरी येऊन चूळ भरतो. एवढ्या वेळात ब्रश जागचा हललेला नसतो. पोरं हेच बघून शिकतात. जाहिरातीत दिसते तशी पेस्टची लांब लाट ब्रशवर ओढायची, गोड लागते म्हणून निम्मी खायची आणि चहात बिस्कीट बुडवायला बसायचं. भाचीच्या कागदावर लिहिलं होतं : पेस्ट वाटाण्याएवढी, नंतर थुंकायचं पण खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकतं. ‘चूळ भरायची नाही’ म्हटल्यावर मागं उभ्या असलेल्या एका आजोबांनी माझ्याकडं असं पाहिलं की, ती ओळ मी पुन्हा वाचली नाही.

पलीकडं साखर कारखान्याचं धुराडं दिसत होतं. हंगाम उतरणीला लागला होता, तरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या आणि ट्रॉलीतून ओढलेलं कांडं प्रत्येक दप्तरात होतं. साखरेविरुद्ध बोलायला यापेक्षा वाईट जागा नाही. सहकारी साखर कारखानदारीचा पाया विठ्ठलराव विखे पाटलांनी जिथं घातला, त्या लोणीत आज ग्रामीण दंत महाविद्यालयही आहे. इतका पुढचा विचार आमच्या तालुक्यात कुणी केलेला नाही. मला व्यासपीठावर रस दिला, मोठा ग्लास. साखरेचे दुष्परिणाम सांगता सांगता मी तो संपवला.

त्या सकाळी माझ्या हातून एक काम मात्र बरं झालं. खिचडी शिजवणाऱ्या मावशी पहिलीतल्या मुलीला घेऊन आल्या. “हिची दाढ दुखती. दुधाचीच हाय, पडंल न्हवं?” मुलीनं तोंड उघडलं. अगदी मागं, खालच्या बाजूला काळा खड्डा. एरवी मीही ‘पडेल’ म्हणालो असतो. पण भाचीनं हे लाल शाईनं लिहून दिलं होतं. दुधाचे दात २०. त्यांच्या मागं साधारण सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ येते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, त्यामुळे घरी कुणाला पत्ता लागत नाही. सगळे तिला दुधाची समजतात, पडेल पडेल म्हणून थांबतात, आणि जन्मभर पुरायची ती दाढ किडून जाते. हेडमास्तरांनी सांगितलं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्यात दातही बघतात. मी म्हटलं, पथकाची वाट बघू नका, उद्याच दवाखान्यात न्या. मावशी गंभीर झाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी माझा सल्ला ऐकून गंभीर झालं होतं, आणि ते माझ्या डोक्यात गेलं.

त्याच भरात मी लाल गोळ्यांची डबी उघडली. दोन मुलांना दिली. “मलाबी! मलाबी!” झालं. त्या क्षणी नाही म्हणायला डॉक्टरच लागतो. डबी रिकामी होईपर्यंत मी वाटत राहिलो, पहिली ते चौथी. व्हॅसलीन पिशवीच्या तळाशी राहिलं. मुलांना घरून ब्रश आणायला सांगायचं होतं, ते हेडमास्तरांना कळवायचंच माझ्याकडून राहिलं होतं. आणि शेवटची गोळी मी स्वतः चावली, आदर्श म्हणून.

पाच मिनिटांत शाळा लाल झाली. दात, ओठ, जिभा, हनुवट्या, शर्टाच्या बाह्या. मुलं एकमेकांच्या तोंडात बघून हसत सुटली. मी कागद वर धरून वाचलं, “जिथं लाल दिसतं, तिथं आपण नीट घासलेलं नाही.” पुढच्या रांगेतून आवाज आला, “सर, सगळ्यात लाल तुमचंच हाय.”

तेवढ्यात सुट्टीची घंटा झाली आणि ती सगळी लाल तोंडं गावात पांगली.

दहा मिनिटांत पालक आले. “पोरास्नी पान कुणी चारलं?” इथून सुरुवात होऊन प्रकरण गुटख्यावर गेलं. ग्रामपंचायतीच्या एका सदस्यानं मला कायदा ऐकवला. राज्यात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे, २००३ च्या कायद्यानं शाळेपासून १०० यार्डांत तंबाखू विकता येत नाही, आणि तुम्ही थेट व्हरांड्यात? सगळ्यांत संतापलेल्या एक आजी होत्या. “लेकरास्नी तंबाखूचा नाद लावताय व्हय?” म्हणून त्यांनी माझ्यावर जे बोट रोखलं, त्या बोटावर मशेरी होती. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासूनच बंदी आहे, हे मला सांगता आलं असतं. पण मशेरी घरच्या तव्यावर भाजली जाते, आणि तव्यापर्यंत जाण्याची छाती त्या कायद्याची नाही तर माझी कुठून असणार? तरी खुलासा करायला मी तोंड उघडलं, आणि तिथंच घात झाला. आतलं दृश्य पाहून जमाव दोन पावलं पुढं आला.

आता शब्दांचा उपयोग नव्हता. मी नळाशी गेलो, कवळी काढली, हातभर लांबीच्या त्या ब्रशनं सगळ्यांदेखत घासली आणि स्वच्छ करून वर धरली. “बघा. रंग आहे. निघतो.” खरं तर दात नसल्यामुळे मी ‘लंग आहे’ म्हणालो असणार.

शांतता पसरली. मग बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मशेरीवाल्या आजी म्हणाल्या, “आमच्या दिराला बी असलीच हाय, पर ह्येच्याहून बरी बसती.” पालकांचा राग गेला. मुलं मात्र परत आली आणि माझ्याभोवती कोंडाळं करून उभी राहिली. त्या दांडग्या जबड्याकडं आता कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

“सर, परत एकदा काढून दाखवा की.”

दाखवली.

“ह्ये किडत न्हाईत?”

“नाही.”

“दुखत बी न्हाईत?”

“नाही.”

“मग ब्येस की!”

ते तसं नसतं, खरे दात ते खरे, वगैरे मी पुष्कळ सांगितलं; पण कवळी हातात धरून सांगितलं, त्यामुळे नीट उमटलं नाही.

भाचीला मी कार्यक्रम छान झाला एवढंच कळवलं. पुढं हेडमास्तरांचा फोन आला. मावशींच्या मुलीच्या दाढेत सिमेंट भरून घेतलं, दाढ वाचली, म्हणाले. मी खूश होऊन विचारलं, बाकीची मुलं रात्री घासायला लागली का? ते जरा घुटमळले. “घासण्याचं सांगता येत नाही. पण पूर्वी ह्यांचा दात पडला की शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर टाकायचे, नाहीतर उंदराच्या बिळात. आता पहिलीतली पोरं टाकू देईनात. काडेपेटीत साठवायला लागलीत. मी विचारलं कशाला रे, तर म्हणतात, पुण्याच्या सरांसारखी कवळी करायला. पुढच्या वर्षी जमलं तर मॅडमनाच पाठवा.”