लेव्हलकाका

टेम्पो गेटाशी लागतो, मागचा फाळका दाणकन खाली पडतो, गोणपाटाआडून काळा दगड चमकतो, आणि लेव्हलकाका जिना उतरू लागतात. शर्ट घरातच अंगात घातलेला असतो, बटणं मात्र जिन्यात लागतात. खिशात बोटभर लांबीची लेव्हल असते. आतला बुडबुडा मध्यावर आला की जगाचं बरं चाललंय, अशी त्यांची समजूत आहे.

पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांत असा एक काका असतो. ओटा कुणाचाही असो, बसवायची जबाबदारी त्यांची. दगडाला ते स्वतः हात लावत नाहीत, कारण कमरेत चमक भरते. पण चौघांनी 'हां, उठाओ' म्हणून दगड उचलला की श्वास काका रोखतात, मानेच्या शिरा काकांच्या फुगतात आणि दगड टेकला की घामही काकाच पुसतात. काम संपल्यावर त्या चौघांपेक्षा तेच जास्त दमलेले दिसतात.

पंचाईत अशी, की काकांना खरंच बरंच कळतं. निव्वळ बडबड्या माणसाला हाकलता येतं. बरोबर बोलणाऱ्याचं काय करायचं? दगड आडवा धरला तर स्वतःच्याच वजनाने मधोमध तडकेल, काचेसारखा उभाच न्या, हे ते सांगतात आणि ते खरं असतं. सिंकसाठी चौकोन आधीच कापून आणलेला असेल तर त्याच्या पुढेमागे चार-चार बोटांच्या पट्ट्या उरतात आणि दगड तिथेच दगा देतो. म्हणून तिथे लाकडी पट्टी बांधलीय का, हे काका वाकून बघतात. (वाकताना कंबर आठवत नाही.) मग रुपयाचं नाणं काढून दगडावर ठिकठिकाणी वाजवतात. 'टण्ण' आलं तर ठीक, 'भद्द' आलं तर आत चीर. मिस्त्रीने हे सगळं दुकानातच केलेलं असतं.

परवा तिसऱ्या मजल्यावर नऊ बाय दोन फुटांचा ओटा चढत होता. आधी लिफ्टवर चर्चा झाली. 'सहा माणसं, ४०८ किलो' ही पाटी दाखवून वजनाची काहीच अडचण नाही, हे काकांनी सिद्ध केलं. नऊ फूट लांबीचा दगड त्या खोक्यात मावणार कसा, हे मुकादमाने विचारलं. काका म्हणाले, "तो मुद्दा वेगळा."

मग जिना. काका पुढे, दगडाकडे तोंड करून, उलटे चढत. "बाएँ लो, बाएँ! अरे तुम्हारा बायाँ नहीं, मेरा बायाँ!" दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दगड अडकला. खालच्या दोघांच्या खांद्यावर सगळा भार, वरच्या दोघांची बोटं कठडा आणि दगड यांच्या मधे. नेमक्या त्या क्षणी काकांना भूशास्त्र आठवलं.

"तुम्ही याला ग्रॅनाइट म्हणता ना? हा ग्रॅनाइट नाहीच!"

चौघांनी मान वर केली. वळवता येण्यासारखं तेवढंच होतं. काकांनी खुलासा केला. हा 'ब्लॅक गॅलेक्सी', आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमाकुर्तीचा. बाजार याला ग्रॅनाइट म्हणतो, शास्त्र गॅब्रोच्या कुळात बसवतं, आणि हे सोनेरी ठिपके ब्राँझाइट नावाच्या खनिजाचे. खरा ग्रॅनाइट पाण्याच्या २.७ पट जड, हा जवळजवळ तिप्पट. म्हणजे २० मिलिमीटर जाडीला ग्रॅनाइट असता तर हा ओटा ९० किलो भरला असता, आता १०० भरेल.

"काका," खालचा म्हणाला, "नब्बे हो या सौ, पहले वो चप्पल का स्टँड हटाओ."

स्टँड काकांच्याच पाठीशी होता.

सगळी माहिती खरी होती, हे इथे नोंदवायला हवं. माथाडी कामगारांचा कायदा १९६९ चा, हेही त्यांनी पुढच्या दहा पायऱ्यांत सांगितलं आणि तेही बरोबरच आहे. दगड वर पोचल्यावर या माणसांना पाणी विचारायचं असतं, हे मात्र काकूंना आठवलं. तांब्या घेऊन त्या पहिल्या मजल्यावरून वर आल्या.

दगड कडप्प्याच्या आधारांवर बसला. मिस्त्रीने खाली माल थापला, गुण्या लावला, भिंतीकडची फट भरली. आता काकांची वेळ. त्यांनी लेव्हल ठेवली, चश्मा वर केला, चश्मा खाली केला. बुडबुडा मध्यावर नव्हता.

"आउट आहे!"

"सिंककडे ढाळ दिलाय," मिस्त्री म्हणाला. "पाणी गॅसखाली जाऊ नये म्हणून."

काका दोन क्षण गप्प राहिले. सोसायटीत याची वेगळी नोंद व्हायला हरकत नव्हती. मग लेव्हल खिशात टाकत म्हणाले, "बरोबर. मी तेच बघत होतो, दिलाय की नाही." संध्याकाळी बाकावर ही हकिगत 'मी त्याला म्हटलं, ढाळ दे' अशी सुरू झाली.

चौघं रिकामी गोणपाटं खांद्यावर टाकून उतरत होते. पहिल्या मजल्यावर काकूंनी दार उघडलं. गावाहून आणलेला पाटा गेली कित्येक वर्षं बाल्कनीच्या तोंडाशी पडला होता. जाता-येता अंगठा ठेचत होता. काकांना सांगून सांगून त्या थकल्या होत्या. तो कसा हलवावा, याचा काकांचा विचार अजून चालू होता.

"एवढा तो कोपऱ्यात सरकवून द्याल का, बाबा?"

त्यांच्यातला सर्वांत किरकोळ पोरगा आत गेला, पाटा उचलून काखेत मारला आणि चालू लागला.

"अरे, दोघं लावा, दोघं!" काका मागून धावले. "पायावर पडेल! उभा धर, उभा! आणि जरा डावीकडे... माझ्या डावीकडे!"