मशीनवाला

फोनवर त्याला एवढंच सांगितलं जातं, "मशीन बंद आहे." मशीन बंद नसतं. झेरॉक्स निघत असते, प्रिंट येत असते, फक्त स्कॅन केलेला कागद मेलवर जात नसतो. ऑफिस सीएचं असो की वकिलाचं, हा फरक सांगण्याची गरज कुणाला वाटत नाही आणि मशीनवाल्यानेही ती अपेक्षा सोडली आहे. "येतो," म्हणतो. कधी, ते म्हणत नाही.

हा माणूस मुळात हाताचा. सॅकमध्ये स्क्रू-ड्रायव्हर, ब्लोअर, मळकं फडकं. नखं टोनरने काळी. ड्रम गेलाय की फ्युजर, हे तो कागदावरचा डाग बघून सांगतो. डाग किती अंतराने पुन्हा उमटतो ते पट्टीने मोजून अपराधी रोलर बाहेर काढतो. अशा माणसाच्या नशिबी हा बिघाड आला, ज्याला ना आवाज, ना वास, ना डाग. म्हणून आल्याआल्या तो मशीन उघडतो आणि रोलर पुसतो. मेलशी रोलरचा काडीचा संबंध नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण घंटा वाजवल्याशिवाय गाभाऱ्याकडे पाऊल पडत नाही, त्यातलाच प्रकार.

मग प्रश्न. "मॅडम, काही बदललं का?"

"छे! काहीच नाही. परवापर्यंत जात होतं की."

या उत्तरावर तो विश्वास ठेवत नाही, पण वादही घालत नाही. नेटवाल्याला फोन लावतो. नेटवाला म्हणतो, लाइन चोख आहे, तुमचं मशीन जुनं झालंय. हा म्हणतो, मशीन चोख आहे, २५ नंबरचं पोर्ट तुमच्या कंपनीने बंद ठेवलंय. गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. ५८७ टाकून बघू, यावर तह होतो. तरी मेल जात नाही.

त्याची एक खोड मला फार आवडते. सगळे पडद्यावरचा एरर वाचत असताना हा मशीनचं घड्याळ बघतो. तारीख मागे गेली असेल, तर समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र मशीनला खोटं वाटतं आणि ते बोलणंच तोडतं. ऑफिस मार्चएंडला टेकलेलं आणि मशीन अजून १ जानेवारी २००० मध्ये, असं त्याने पाहिलेलं आहे.

लोकांना नोटाबंदीची तारीख पाठ असते, याला ३० मे २०२२. त्या दिवसापासून गूगलने नुसत्या नाव-पासवर्डावर मशीनला आत घेणं थांबवायला सुरुवात केली. मशीन ज्या रीतीने मेल पाठवतं, ती १९८२ सालची. तेव्हा तर पासवर्ड विचारायचीसुद्धा पद्धत नव्हती. आता दुहेरी पडताळणी सुरू करा, मग मशीनसाठी वेगळा ॲप पासवर्ड काढा. तो काढायला ओटीपी लागतो. ओटीपी साहेबांच्या मोबाइलवर. साहेब कोर्टात.

साहेब येतात तेव्हा कळतं की शनिवारी त्यांनी मेलचा पासवर्ड बदलला. "पण तो मेलचा बदलला, मशीनचा कुठे बदलला?" मुख्य पासवर्ड बदलला की जुने ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात, हे समजावण्याच्या भानगडीत मशीनवाला पडत नाही. साहेबांशी वाद घातला की एएमसीचा चेक लांबतो. "नाही सर, गूगलकडूनच असतं ते," एवढंच म्हणतो. सगळं बिल गूगलच्या नावावर फाडण्याचं हे कसब मला ड्रम ओळखण्याच्या कसबाइतकंच मोठं वाटतं.

नवा पासवर्ड १६ अक्षरांचा, चार-चारचे चार गट. मधल्या मोकळ्या जागा टाकायच्या की नाही, यावर ऑफिसात लगेच दोन तट पडतात. हा न टाकणाऱ्यांतला. मॅडम एकेक अक्षर वाचतात, "टी, टेबलचा... बी, बॉलचा..." तो तळहाताएवढ्या पडद्यावर बोट दाबतो आणि प्रत्येक अक्षराचा तारा होतो. बाराव्या ताऱ्यावर पडदा झोपतो. पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी टेस्ट मेल पडतो. काचेवर काहीच ठेवलेलं नसल्यामुळे आलेलं पान कोरं असतं, पण सगळा स्टाफ ते कौतुकाने उघडून बघतो. मशीनवाला सर्व्हिस रिपोर्टवर सही-शिक्का घेतो, दिलेला चहा उभ्यानेच संपवतो आणि हेल्मेट घालतो. तो जिन्यात पोचतो न पोचतो, तोच साहेब सव्वादोनशे पानांचा करार फीडरमध्ये लावतात. कलर, सहाशे डीपीआय.

"अहो इंजिनियर, परत जात नाहीये!"

जीमेलची मर्यादा २५ एमबीची. जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून खरी मर्यादा अठराच्या आसपास. यामागचं गणित त्याला कुणी शिकवलेलं नाही. आकडा मात्र अनुभवाने पाठ आहे. हेल्मेटची काच वर करून तो खालूनच ओरडतो, "ब्लॅक अँड व्हाइट करा, दोनशेवर ठेवा! नाहीतर सर, पेन ड्राइव्ह लावा!"