पॉलिसीच्या पान १८ वरील कलमास

माननीय प्रपोर्शनेट डिडक्शन साहेब,
मु. पो. पॉलिसी, पान १८, बारीक टाईप.

सा. न. वि. वि.

अकरा वर्षं हप्ते भरतोय, पण आपली ओळख गेल्या महिन्यात झाली. एजंटानं आपलं नाव कधी काढलं नव्हतं. लाजाळू असाल.

रात्री दोनला आमचे अण्णा पोट धरून बसले. पित्ताशयात खडे. मिरजेत डॉक्टर शोधावा लागत नाही. वानलेस साहेबांनी १८९४ साली इथं मिशनचं हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून जत-अथणीची माणसं इथंच उतरतात आणि कोणता सर्जन कशाचा, हे स्टेशनबाहेरचा रिक्षावालाही सांगतो. शोधावी लागते ती खाट. जनरल भरलेलं, शेअरिंग भरलेलं, रिकामी होती ती साडेचार हजारांची खोली. घेतली.

तीन लाखांच्या विम्यावर एक टक्का, म्हणजे दिवसाला तीन हजारांची खोली आपल्याला मंजूर. वरचे दीड हजार माझे, हे मान्यच होतं. तीन दिवसांचे साडेचार हजार मोजून खिशात ठेवले होते. डिस्चार्जला मेडिक्लेम डेस्कवरच्या मुलीनं कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला. २५,५००.

"काका, खोली दीडपट घेतलीत ना, मग बाकीचंही दोन-तृतीयांशच मिळतं."

सर्जनचे ३६ हजार, आपल्या लेखी २४. भुलीच्या डॉक्टरांचे ९, झाले ६. थिएटर १५ चं १०. फिजिशियन येऊन बीपी बघून गेले, त्यांच्याही ३ हजारांचे २. घरी आल्यावर अण्णांना विचारून घेतलं, भूल पुरती लागली होती ना? दोन-तृतीयांशच दिली असती तर टेबलावरून उठून चहा मागितला असता त्यांनी.

औषधं आणि तपासण्या तेवढ्या वाचल्या. त्यांना हात लावायला विमा नियामकानं २०२० सालीच आपल्याला मनाई केली आहे. त्याच नियमात आणखी एक ओळ आहे, ती आपल्या नजरेतून सुटली असावी (चष्मा मिरजेत स्वस्त मिळतो): ज्या खर्चाचा दर खोलीगणिक बदलत नाही, त्यावर ही कपात लावायची नाही. आमच्या सर्जननी जनरलमधल्या पेशंटकडूनही ३६ हजारच घेतले. भूल, थिएटर, व्हिजिट, सगळ्यांना एकच दर. तसं पत्र हॉस्पिटलनं गोल शिक्क्यासह दिलं आणि मी ते आपल्या मालकांना स्पीड पोस्टानं धाडलंय. महिन्यात उत्तर नाही आलं, तर पुण्याला विमा लोकपालांकडे जाईन. तिथं फी नाही, वकील नाही. सकाळची गाडी आहेच.

ता. क. : हप्त्याची तारीख जवळ आली आहे. आपल्याच हिशेबानं दोन-तृतीयांश भरला तर चालेल ना, तेवढं कळवावं.

आपला,
एक मिरजकर