हजारात बसवलेलं म्हातारपण

महिना 1,000 रुपये. कर्मचारी पेन्शन योजना 1995 मधली ही किमान पेन्शन. 1 सप्टेंबर 2014 ला ती ठरली आणि पुढची अकरा वर्षं तिथेच थांबली. खारेपाटणच्या बाजारात हे हजार रुपये घेऊन जा. गॅसचा एक सिलिंडर भरला की साडेआठशेच्या वर गेले. उरलेल्यात बीपीच्या गोळ्या आणा, नाहीतर डाळ-तेल आणा. दोन्ही येत नाही. महागाई वर्षाला पाच टक्के धरा, म्हणजे फार धरली असंही कोणी म्हणणार नाही. तरी 2014 च्या त्या हजाराची ताकद आज पावणेसहाशेच्या आसपास उरते. पेन्शन दरवर्षी कापली जाते आहे, फक्त कापल्याचं पत्र येत नाही.

हा विषय आमच्या गावाला परका नाही. शिलाहारांचा ताम्रपट सापडला ते हे गाव. विजयदुर्गच्या खाडीतून गलबतं इथवर यायची. बंदराचे दिवस गेले आणि मग इथून बाहेर जायला लागली ती माणसं. मुंबईच्या गिरण्यांत. परळ, लालबाग, करी रोड. गावमंडळाच्या एका खोलीत पाळ्या लावून झोपायचं, खानावळीत जेवायचं, मनिऑर्डर गावाला पाठवायची. कोकणातली कितीतरी घरं त्या मनिऑर्डरींवर उभी राहिली. आता तीच माणसं म्हातारी होऊन परत आली आहेत आणि त्यांना मनिऑर्डर पाठवणारं कोणी उरलेलं नाही.

18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यातले हजारो परत आत गेलेच नाहीत. त्यांच्या पेन्शनचं काय झालं? काहीच झालं नाही, कारण पेन्शन नव्हतीच. तेव्हा होती ती 1971 ची कुटुंब पेन्शन योजना. कामगार नोकरीत असताना मेला तर त्याच्या बायकोमुलांना पेन्शन. जिवंत राहून म्हातारा झाला तर पीएफची रक्कम घ्यायची आणि गावाची गाडी पकडायची. नवी योजना 16 नोव्हेंबर 1995 ला आली. 1 एप्रिल 1993 च्या आधी ज्याची नोकरी सुटली, तो तिच्या दारातही उभा राहू शकला नाही. संपात नोकरी गेलेला आमच्या भागातला सगळा गिरणी कामगार या तारखेच्या पलीकडचा.

जे तगले, त्यांचा हिशेब बघा. 1995 च्या आधी वीस वर्षांहून जास्त सेवा झाली असेल तर तिच्यापोटी पेन्शनमध्ये मिळणारी मूळ रक्कम 150 रुपये. पगार अडीच हजारांच्या वर असेल तर 170. वयानुसार तिचा थोडा गुणाकार होतो, एवढंच. आयुष्याची वीस वर्षं सुताच्या धुरळ्यात, साच्यांच्या आवाजात काढलेल्या माणसाला सरकारी तक्त्यात मिळालेली ही जागा आहे. 1995 नंतरच्या सेवेला सूत्र लागतं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले 70. पगार कितीही असो, सूत्रात धरायची मर्यादा आधी 5,000 होती, 2001 पासून 6,500 झाली, 2014 पासून 15,000. साडेसहा हजारांवर दहा वर्षं भरली तर येतात 928 रुपये. म्हणजे हजाराची किमान पेन्शन ही कोणी केलेली मेहेरबानी नाही. सूत्रच इतकं कोतं आहे की त्याला खालून टेकू द्यावा लागला, आणि तो टेकूही देऊन विसरून गेले.

गेल्या पावसाळ्याआधीची गोष्ट. आमच्या ओळखीतली एक काकी हयातीच्या दाखल्यासाठी सेवा केंद्रात बसली होती. नवरा गिरणीत होता, तो गेला, तिला विधवा पेन्शन येते, तीच किमान हजाराची. तिने स्वतः बरीच वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडल्या. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं हे कोकणात कोणाला सांगायला नको. तिच्या बोटांच्या पेरांवर रेषा उरलेल्या नाहीत. मशीनवर अंगठा ठेवला, नाही उठला. तर्जनी ठेवली, नाही. हात धुऊन, पदराला पुसून, खोबरेल लावून पुन्हा ठेवला. नाही. केंद्रातल्या पोराने चेहऱ्यावरून पडताळणी करायला मोबाइल काढला, तर रेंज गेली. ती म्हणाली, "जित्या माणसान जिता असल्याचो दाखलो देवचो, मगे हजार रुपये गावतले." दुसऱ्या दिवशी परत आली, तेव्हा काम झालं. हजारातले रिक्षाचे दोन्ही दिवसांचे पैसे तिच्याच पदरचे गेले. त्या कारखान्याने तिचा पीएफ कधी कापला होता का, हे विचारलं तर ती नुसती हसली. किलोवर मजुरी होती. किलोला कसला पीएफ?

नावाचा घोळ वेगळाच. गिरणीच्या कार्डावर आडनावाच्या जागी गावाचं नाव, आधारवर भलतंच आडनाव, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. दुरुस्तीच्या अर्जावर मालकाची सही लागते. गिरणीच्या जागेवर आता टॉवर उभा आहे, सही करायला मालक कुठून आणायचा? कंपनी बंद असेल तर राजपत्रित अधिकारी, पोस्टमास्तर, सरपंच यांच्या साक्षांकनाची तरतूद आहे. पण ती गावात किती जणांना माहीत आहे? कितीतरी जण "मालकाची सही आणा" हे एक वाक्य ऐकून घरी परतलेले आहेत. ग्रामपंचायतीने हे फलकावर मोठ्या अक्षरांत लिहायला हवं.

आता दुसऱ्या बाजूला बघू. 14 मार्च 2023 ला महाराष्ट्रातले लाखो राज्य सरकारी कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. शाळा, कचेऱ्या, दवाखाने आठवडाभर थंडावले. 20 मार्चला आश्वासन घेऊन संप मिटला. 24 ऑगस्ट 2024 ला केंद्राने एकीकृत पेन्शन योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. 25 वर्षं सेवा झाली तर शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, वर महागाईभत्ता. दहाच वर्षं झाली असतील तरी किमान 10,000.

त्या कर्मचाऱ्यांना ते मिळालं याचा मला आनंद आहे. लढून मिळवलं, बरं झालं. माझा प्रश्न सरकारला आहे. दहा वर्षांच्या सेवेला एकीकडे 10,000 आणि महागाईचं संरक्षण, दुसरीकडे 1,000 आणि महागाईपुढे उघडी पाठ. मधलं हे एक शून्य कशाने ठरलं? माझं उत्तर सरळ आहे. एका गटाच्या हातात कचेरीचं कुलूप होतं. दुसऱ्याच्या हातात काही उरलं नव्हतं. निवृत्त माणूस कसला संप करणार? त्याने काम थांबवलं तर कोणाचं काय अडतं? ही माणसं करू शकतात तेवढं करत आहेत. कमांडर अशोक राऊत यांच्या राष्ट्रीय संघर्ष समितीने डिसेंबर 2018 मध्ये बुलढाण्यात जिल्हाधिकारी कचेरीसमोर साखळी उपोषण सुरू केलं. मागणी आहे किमान 7,500 रुपये आणि महागाईभत्ता. संसदेच्या कोश्यारी समितीने 2013 मध्येच किमान 3,000 ची शिफारस केली होती. सरकारने हजारावर बोळवण केली. या योजनेचे पेन्शनर देशात 78 लाखांवर आहेत. एसटीचा निवृत्त वाहकही त्यातलाच. 75 वर्षांवरच्या माणसाला एसटीत फुकट बसवायचं ठरलं, छानच झालं. पण ज्याने हयातभर घंटी मारून गाडी सोडली त्याचं म्हातारपण कोणाच्या तिकिटावर चालायचं?

पैसा नाही, असं सांगतात. योजनेच्या फंडाचं गणित बसत नाही, असंही सांगतात. फंडाला भोक असेल तर ते दाखवा आणि बुजवा, त्यात सरकारचा वाटा आज पगाराच्या अवघा 1.16 टक्का आहे, तो वाढवा. महागाईशी पेन्शन जोडता येत नाही हे मात्र मी मुळीच ऐकून घेणार नाही. मार्च 2025 मध्ये माजी खासदारांची पेन्शन 25,000 वरून 31,000 झाली, तीही 1 एप्रिल 2023 पासून मागे जाऊन. आधार काय, तर महागाई निर्देशांक. त्यासाठी कोणाला उपोषणाला बसावं लागलं नाही. कायद्यात दर पाच वर्षांची सोयच करून ठेवली आहे. निर्देशांक दिल्लीला ठाऊक आहे, तो वापरता येतो, वापरलेलाही आहे. मग तोच नियम गिरणी कामगाराच्या विधवेला लावा.

पेन्शनचा आकडा तसाच ठेवून ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळाने ठरवलं की नोकरी सुटल्यावर पेन्शनचे पैसे काढायला दोन महिन्यांऐवजी 36 महिने थांबावं लागेल आणि पीएफमध्ये पंचवीस टक्के शिल्लक ठेवावी लागेल. हेतू म्हातारपणासाठी पैसा राहावा हा. हेतू मला पटतो. पण माणूस पैसे का काढतो? हायवेवरचं काम संपलं, ठेकेदार गेला, दुसरा येईपर्यंत चार महिने घरी बसलं, पोरीचं लग्न आलं, पावसात खाडीचं पाणी घरात शिरून भिंत गेली. आणि राहिलेल्या पैशांतून पुढे महिना हजार-दोन हजार मिळणार असतील, तर त्यासाठी आज हात आखडायला कोण तयार होईल? पेन्शन जगण्याइतकी असती तर तिला हात लावताना माणसाने दहा वेळा विचार केला असता.

तरुणांना सांगितलं जातं, अटल पेन्शन घ्या. घ्यावी, काहीच नसण्यापेक्षा बरी. पण आकडा समजून घ्या. पंचविशीतला मुलगा महिना 376 रुपये भरेल, साठाव्या वर्षापासून त्याला 5,000 मिळतील. पस्तीस वर्षांनी. पाच टक्के महागाईने ते पाच हजार आजच्या 900 रुपयांएवढे होतात. म्हणजे काकीचे आजचे हजार तिच्या नातवाला मिळालेच तर तेही शंभराने कमी, आणि स्वतःच्या खिशातून भरून. 9 मे 2015 ला योजना आली तेव्हापासून कमाल आकडा पाच हजारच आहे.

आणि ज्यांना हेही नाही ते? चिरेखाणीत चिरा काढणारा, हायवेच्या हॉटेलात बारा जणांत राबणारा. वीसच्या खाली माणसं असली की पीएफचा कायदा आपोआप लागत नाही. मालक आणि बहुसंख्य कामगार मिळून ठरवतील तर लागू करून घेता येतो, पण ते मालकाच्या मर्जीवर. यांच्यासाठी 65 व्या वर्षी श्रावणबाळ योजना, दरमहा 1,500. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा दाखला लागतो. महिन्याला 1,750 रुपये. घरात नवरा-बायको दोघांनाही हजाराची किमान पेन्शन येत असेल तर वर्षाचे झाले 24,000. हे घर या योजनेसाठी श्रीमंत ठरलं.

ही मर्यादा वाढवायला राज्य सरकारला दिल्लीची परवानगी लागत नाही. श्रावणबाळ ही राज्याची योजना आहे. येत्या ग्रामसभेत उत्पन्नाच्या अटीविरुद्धचा ठराव मांडायचा आहे, आणि त्यात पेन्शनचे हजार रुपये उत्पन्नात धरू नयेत, हे स्पष्ट लिहायचं आहे. चतुर्थीला चाकरमानी घरी आले की सह्या तेव्हाच घ्याव्यात. त्यांच्या पगारपावतीवर पीएफ कापल्याची नोंद आहे का, हेही त्याच बैठकीत तपासून घ्या.